गालाजवळचं बटण

नवं खेळणं हातात आलं की कात्रीमावशी आधी त्याची पाठ उसवतात. अस्वल असो, कुत्रा असो की टोपी घातलेलं माकड, दयामाया नाही. हौसेनं खेळणं आणणारे आईबाप समोर उभे असतील तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मावशी टाके कापतात, कापूस बाजूला सारतात, आत बोटं घालून बॅटरीचा डबा बाहेर ओढतात आणि मग विचारतात, "दुकानदार ओळखीचा आहे का? असला तरी आता परत घेणार नाही." हा त्यांचा ठरलेला विनोद. प्रत्येक नव्या पालकाला तो ऐकावा लागतो आणि प्रत्येक वेळी मावशी स्वतःच हसतात.

ज्या लहान मुलांचे हातपाय, मान किंवा बोटं त्यांच्या कह्यात नसतात अशांसाठी चालवलेल्या एका केंद्रात मावशी काम करतात. केंद्र एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर आहे. वर शिकवणीचे वर्ग चालतात, त्यामुळे दर तासाला जिन्यावरून चपलांचा लोंढा उतरतो. मावशींची खोली पूर्वी अडगळीची होती. आजही नव्या माणसाला ती अडगळीचीच वाटते. फळ्यांवर उघड्या पाठीची जनावरं ओळीनं बसलेली, खिडकीत तारांची भेंडोळी, टेबलावर गोंद, सोल्डरिंगची सळई आणि ज्या कात्रीवरून नाव पडलं ती काळ्या मुठीची कात्री.

काम तसं समजायला सोपं आहे. बाजारातलं खेळणं चालू करायचं तर त्याच्या पोटावरचं इवलंसं बटण दाबावं लागतं. ज्याची मूठच उघडत नाही त्यानं ते दाबायचं कसं? म्हणून मावशी बॅटरी आणि तिच्या पत्र्याच्या मध्ये दोन्ही बाजूंनी तांबं लावलेली पातळ चकती सरकवतात, तिला दोन तारा जोडतात, तारा शेपटीपाशी बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकाला बशीएवढं बटण लावतात. मग ते कोपरानं दाबा, गुडघ्यानं दाबा, नाहीतर हनुवटीनं, कुत्रा भुंकणारच. चित्रकलेचंही तेच. ब्रशच्या दांडीवर फोमची नळी चढवायची, म्हणजे तो मुठीत बसतो. कागद चारी बाजूंनी टेबलाला चिकटवायचा, म्हणजे हाताच्या झटक्यानं पळत नाही. एका मुलाला ओल्या रंगाचा नुसता स्पर्श झाला तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. त्याच्यासाठी मावशींनी रंग जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड पक्कं बंद केलं. आता तो पिशवीवरून बोटं फिरवत बसतो. रंग ओला, हात कोरडे, आणि आजूबाजूच्यांच्या कानांना आराम.

आधी मावशी खेळण्यांच्या कारखान्यात तपासणीला होत्या. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाहुल्यांतली मधूनच एखादी उचलायची, तिचे डोळे ओढून बघायचे, हात पिळायचा, जमिनीवर आपटायची. तुटली तर सगळा माल परत. "पोरं जे करणार ते आम्ही आधी करायचो," असं त्या अजूनही अभिमानानं सांगतात. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या यजमानांना वाटलं, आता घरात शांतता नांदेल. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. शब्दकोडं आणि दुपारची झोप एवढीच त्यांची मागणी. पण त्यांच्याच इमारतीत राहणाऱ्या, केंद्रातल्या थेरपिस्ट मॅडम एकदा एक बंद पडलेलं बदक घेऊन आल्या, मावशींनी त्याची पाठ फाडली, आणि घरातली शांतता तिथेच संपली. कपाटातून अवेळी भुंकणं ऐकू येऊ लागलं. "आमच्या घरात सर्जन आहे," यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "पेशंट सगळे कापसाचे."

राणीसाहेब केंद्रात आल्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या. नाव वेगळं होतं, पण आईच्या कडेवरून येताना मान ताठ, नजर सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडे, आणि कोणी कितीही लाडीगोडी लावली तरी ढुंकून बघायचं नाही, म्हणून मावशींनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. अंग कधी लाकडासारखं ताठ व्हायचं, कधी एकदम ढिलं पडायचं. मुठी घट्ट मिटलेल्या. बोलणं नाही. आई छापखान्यात पुस्तकांचे कागद दुमडायला जायची, वडील मालाचा टेम्पो चालवायचे, आणि मुलगी दिवसभर वडिलांच्या आत्याजवळ. आत्या मायेच्या होत्या, पण बहिऱ्या. मुलगी रडली तरी ते त्यांना बघून कळायचं, आणि त्यांची नजरही आता अधू होत चालली होती.

आवाराच्या पलीकडे बालवर्ग भरायचा. दिवसभराचा, जेवणासकट. तिथे जागा मिळाली असती तर आईचा जीव भांड्यात पडला असता. बालवर्गाच्या बाई कडक नव्हत्या, पण त्यांचं एक म्हणणं होतं, आणि ते त्या बदलत नसत. "मूल बोललं नाही तरी चालेल, चाललं नाही तरी चालेल. पण हवं की नको, एवढं त्याला मला कळवता आलं पाहिजे. नाहीतर मी दिवसभर त्याचं काय करतेय ते माझं मलाच समजायचं नाही." पुढच्या वर्षी राणीसाहेबांचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे मिळाली तर याच वर्षी, नाहीतर घरीच, खिडकीपाशी आत्याबरोबर.

थेरपिस्ट मॅडम मावशींच्या मुलीच्या वयाच्या. चालतात ते पळण्यासारखं, बोलतात ते त्याहून जलद. त्यांनी राणीसाहेबांना आधाराच्या खुर्चीत बसवलं, बरेच दिवस निरखलं आणि एकदा मावशींच्या दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, हात नाही, पाय नाही, पण मान डावीकडे वळते. जोरात वळते. तिथे काही लावता येईल का?"

मावशींना एवढंच हवं होतं. जुन्या टेबलदिव्याची वाकणारी मान त्यांनी खुर्चीला घट्ट बांधली, तिच्या टोकाला बटण, आणि बटण बरोबर डाव्या गालाजवळ. समोर ढोल वाजवणारा ससा. ढम ढम ढम ढम, आणि शेवटी झांजेचा एक दणका. गाल बटणावरून लगेच सुटला तरी मजा सुटू नये म्हणून मावशींनी आणखी एक सोय केली. एकदा दाबलं की ससा आपलं अख्खं वाजवणं झांजेपर्यंत पूर्ण करायचा आणि मगच थांबायचा. ही सोय त्यांना स्वतःलाच इतकी आवडली की रात्री जेवताना यजमानांना ती दोनदा ऐकावी लागली.

पहिल्या दिवशी सगळे खुर्चीभोवती जमले. राणीसाहेबांची मान डावीकडे वळली. ससा वाजला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मान पुन्हा वळली, ससा पुन्हा वाजला. मग थांबेचना. आई भिंतीला टेकून पदरात तोंड लपवून रडली. मुलीच्याही डोळ्यांत पाणी होतं. कोणीतरी म्हणालं, बघा, तिलाही किती आनंद झालाय. आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्रात चॉकलेटं वाटली.

त्यानंतर राणीसाहेब म्हणजे केंद्राचं भूषण झाल्या. पाहुणे आले की आधी तिथे. ससा वाजायचा, टाळ्या वाजायच्या, ससा आणखी वाजायचा. बातमी आवार ओलांडून गेली आणि बालवर्गाच्या बाईंनी निरोप पाठवला की या नाही, पुढच्या शुक्रवारी येते, बघते. आई त्या दिवसापासून वेगळीच चालायला लागली, खांदे मागे टाकून.

आणि मग मावशींच्या हातून डबा पडला.

दुपारची वेळ होती. आई पाण्याची बाटली भरायला गेली होती, राणीसाहेब खुर्चीत, ससा समोर गप्प, मावशी कोपऱ्यात एका हत्तीचा कान चिकटवत बसलेल्या. कोपर लागलं आणि पत्र्याचा डबा खाली आदळला. मुलगी दचकली. दचकली तशी मान डावीकडे फेकली गेली, गाल बटणावर आपटला, आणि ससा सुरू झाला. मावशींना आधी हसू आलं. ढम ढम ढम ढम, झांज. झांजेच्या दणक्याला मुलगी पुन्हा दचकली, मान पुन्हा डावीकडे, आणि ससा पुन्हा पहिल्यापासून. मावशींचं हसू तिथल्या तिथे विरलं. हत्ती खाली ठेवून त्या बघत राहिल्या. झांज, दचकणं, गाल, ढोल. झांज, दचकणं, गाल, ढोल.

त्यांनी उठून सशाच्या पोटावरचं बटण बंद केलं. मुलीची मान हळूहळू मधे आली. श्वास खाली बसला. कपाळावर घाम होता, तो मावशींनी पदरानं टिपला. मग मनाशी नको नको म्हणत त्यांनी मुद्दाम डबा पुन्हा खाली टाकला. ससा बंद होता, तरी मान तशीच डावीकडे गेली. मग डबा बाजूला ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या, आई परत येऊन दारात उभी राहीपर्यंत. खोली शांत होती, आणि त्या शांततेत मुलगी बटणाकडे एकदाही वळली नाही.

मुलगी सशाला वाजवत नव्हती. ससा मुलीला वाजवत होता. आणि जिथे सशानं दम घेतला तिथे टाळ्यांनी हात दिला होता.

 त्या दिवशी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. घरी जाऊन भाजी चिरली, यजमानांनी कोड्यातला शब्द विचारला तो चुकीचा सांगितला. मनात एक विचार सारखा डोकं वर काढत होता, आणि तो काही फार वाईट विचार नव्हता. बाई येतील, ससा वाजेल, बाई मान डोलावतील, मुलीला जागा मिळेल. कोणाचं काय बिघडणार आहे? एकदा आत गेली की पुढे काहीतरी मार्ग निघेलच. एवढं सगळं पटत होतं. फक्त तो कपाळावरचा घाम आठवला की काही पटेनासं व्हायचं.

सकाळी त्यांनी मॅडमना खोलीत बोलावून दार लावलं आणि डबा टाकून दाखवला. मॅडम मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. 

"मान वळते हे मी सांगितलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "का वळते ते मी बघायला हवं होतं. दचकण्याची ही सवय इतर मुलांची बाळपणीच जाते, हिची राहिली आहे. मला माहीत आहे हे, मावशी. पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण ससा वाजला आणि मीही टाळ्या वाजवायला लागले."

"झांज मी ठेवली ना. आणि ते पूर्ण वाजायचं शहाणपणही माझंच."

"आईला सांगायला हवं."

"हो. मी सांगते. तुम्ही नुसत्या बाजूला उभ्या राहा."

सांगणं लवकर झालं, ऐकणं जड गेलं.  आई मुलीच्या फ्रॉकची बाही सरळ करत राहिली, सरळ असलेली.

"म्हणजे ती काहीच करत नव्हती?"

"घाबरत होती गं. आपल्याला कळलं नाही."

"इतके दिवस?"

"इतके दिवस."

आईनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "मावशी, एक मागते. शुक्रवारी बाई येतील तेवढ्यापुरता तो ससा राहू दे. पाच मिनिटं. इतके दिवस घाबरली, अजून पाच मिनिटं घाबरेल. पण मग वर्षभर ती चार माणसांत असेल. आत्यांना आता दिसतही नाही हो नीट."

हे म्हणणं खोटं नव्हतं. मावशी एवढंच म्हणाल्या, "मी तो पुन्हा तिच्या गालाला लावणार नाही."

"तुमचं काय जातंय?" आई म्हणाली. ओरडून नाही, साध्या आवाजात. मुलीला उचलून ती निघून गेली. मावशींना ते लागलं. कारण खरंच त्यांचं काही जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई आली, कारण न येऊन जाणार कुठे? मावशींशी बोलली नाही. मॅडमनी खुर्ची बाजूला सारली आणि मुलीला गादीवर कुशीवर निजवलं, पाठीशी लोड, गुडघ्यांमध्ये उशी. कुशीवर तिचं अंग जरा सैल पडायचं. चित्रकलेचा तास होता. बाकीची मुलं फोमच्या ब्रशांनी कागद आणि एकमेकांना रंगवत होती. राणीसाहेबांच्या मुठी उघडत नव्हत्या, तेव्हा मावशींनी सहज म्हणून रंगाची एक पिशवी तिच्या पायाशी ठेवली. निळा रंग, वरून थोडा पिवळा.

बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या पायाचा अंगठा पिशवीवर टेकला, आणि त्याखालचा निळा रंग बाजूला पळाला. अंगठा उचलला, रंग परत आला. पुन्हा टेकला. मावशी पुढे सरकल्या. आता टाळ्या वाजवण्याची चूक त्या करणार नव्हत्या. बाजूला कोणी काही बोलायला लागलं त्यालाही त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. त्यांनी पिशवी अगदी थोडी, दोन बोटं, पलीकडे सरकवली. अंगठा रिकाम्या गादीवर टेकला. थांबला. मग हळूहळू, भिंत चाचपत दिवा शोधावा तसा, पलीकडे सरकत सरकत पिशवीपर्यंत आला.

"मॅडम," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही दचकत नाहीये. ही शोधतेय."

आईनं हे ऐकलं. तिचा चेहरा मात्र बदलला नाही. एकदा पोळलेलं माणूस लगेच हात पुढे करत नाही.

तिचं बरोबर ठरलं, निदान पुढचे काही दिवस. मावशींनी अंगठ्यासाठी हलकं, मऊ बटण बनवलं आणि त्याला एकेक खेळणं जोडून बघितलं. दिव्यांचा चेंडू. हळू आवाजाची पेटी. वाऱ्याचं छोटं चक्र, त्याला रंगीत फिती. मॅडमनी मुलीचा पाय धरून एकदोनदा दाबून दाखवलं. मुलगी चक्राकडे बघायची, मग नजर वर, सगळ्यांच्या पलीकडे. अंगठा बटणावर नुसता पडून राहायचा. रंगाची पिशवी दिली की पुन्हा जिवंत व्हायचा, पण पिशवी ढकलणं म्हणजे हवं की नको सांगणं नव्हे, आणि बालवर्गाच्या बाईंना ते चाललं नसतं. शुक्रवार तोंडावर आला.

"तिला हवंय तरी काय?" मॅडम वैतागून म्हणाल्या. त्या दोघीच होत्या, पसारा आवरत. वरून शिकवणीची मुलं धाडधाड जिना उतरत होती.

"तिला काय हवंय मला काय ठाऊक?" मावशीही वैतागल्याच होत्या. "काय नकोय ते सांगू शकते. हा सगळा गोंगाट नकोय. तो मेला ससा नकोय."

हातातला चेंडू तसाच धरून त्या थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी किती खेळण्यांच्या पाठी फाडल्या असतील, किती बटणं लावली असतील, पण सगळी सुरू करायची. भुंकायला लावायची, गायला लावायची, नाचवायची. एखाद्या मुलाला खेळणं बंद करावंसं वाटेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. या कामात येतच नाही. मूल काहीतरी सुरू करतं तेव्हा मोठी माणसं खूश होतात, आणि बटणं मोठी माणसं बनवतात.

यजमान संध्याकाळी स्वयंपाकघरात आले तेव्हा मावशी फ्रिजचं दार उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"काय शोधतेस?"

"दिवा बघतेय. दार लागलं की दाराच्या कडेचं बटण दाबलं जातं आणि दिवा विझतो. दाबलं की बंद. असंच हवंय मला."

"मग बाजारातून आण की."

"आता दुकानं बंद होतील. अहो, तो पेचकस द्या जरा."

यजमानांनी कपाळाला हात लावला आणि मग त्याच हातानं पेचकस दिला. फ्रिजमधला दिवा त्यानंतर बरेच दिवस लागलाच नाही, आणि यजमानांना अंधारात चाचपून दूध काढायची सवय झाली.

नेमकी गुरुवारी मुलगी आली नाही. तिला बारीक ताप होता. त्यामुळे बटण तयार होतं, पण ते चालेल की नाही हे मावशींना माहीत नव्हतं, मॅडमना नव्हतं, कोणालाच नव्हतं.

शुक्रवारी आई मुलीला घेऊन आली आणि गादीशेजारी तिला ससा दिसला. क्षणभर तिला वाटलं, मावशी विरघळल्या. मग तिनं बघितलं की तार गालाकडे नाही, पायाकडे जाते.

"झांजा काढून टाकल्यात," मावशी तिला म्हणाल्या. "ढोलात कापूस भरलाय. आवाज येतो, पण दबका. ससा मीच सुरू करणार. तिनं अंगठा दाबला की तो बंद पडेल, उचलला की पुन्हा वाजेल. नाही दाबला तर मी लगेच बंद करीन. तू नको म्हणालीस तर सुरूच करणार नाही."

"आणि तिनं नाही दाबला तर बाईंना काय दाखवणार?"

"काही नाही."

 आईनं मुलीला कुशीवर निजवलं, उशी नीट केली आणि स्वतः मागे सरून बसली. तिनं हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

बालवर्गाच्या बाई आल्या, चपला बाहेर काढून गादीच्या कडेला मांडी घालून बसल्या. मावशींनी ससा सुरू केला. ढब ढब ढब ढब. पहिल्याच ठोक्याला मुलगी दचकली, मान डावीकडे गेली. गालाशी काही नव्हतं. ससा वाजत राहिला. मुलीच्या कपाळाला आठी पडली. आईनं आपले दोन्ही हात एकमेकांत आवळून धरले. मावशींचा हात सशाच्या पोटाकडे निघाला, आणि त्यांनी तो मोठ्या कष्टानं मांडीवर परत आणला. आणखी दोन ठोके, मग बंद करायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यातला एक पडला.

अंगठा हलला. आधी गादीवर टेकला, मग सरकला, बटणाच्या कडेला लागला, वर चढला, आणि टक्. ससा ढोलावर काठी ठेवून गप्प झाला.

 अंगठा सैल पडला, ससा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी टक् लगेच झालं. मग मात्र अंगठा बटणावरून हललाच नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी बाक ओढला. खाली सगळे सशाकडे नाही, त्या पायाकडे बघत होते.

"पाय चुकून पडला असेल?" बाईंनी विचारलं. कोणीतरी विचारायला हवंच होतं.

मावशींनी बटण हातभर नाही, पण चांगलं चार बोटं दूर सरकवलं. ससा वाजू लागला. अंगठा जुन्या जागी टेकला, काही मिळालं नाही, आणि मग गादी चाचपत तो निघाला. सगळ्यांना तो वेळ फार मोठा वाटला. टक्.

मॅडमनी डोळे पुसले आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. बाई मात्र अजून विचारात होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शंका नव्हती, अडचण होती.

"सशाला नको म्हणता येतं तिला, हे पटलं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वर्गात ससा नाही, मी आहे. आणि माझा आवाज बघताय ना? दिवसभर गाणी, गोष्टी, टाळ्या. पोरं किंचाळतात ती वेगळीच. ते तिला नको झालं तर?"

"मग बटण तुम्हाला लावायचं," मावशी म्हणाल्या.

बाई हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सशाची तार काढून घेतली आणि नुसतं बटण, कशालाच न जोडलेलं, पुन्हा अंगठ्यापाशी ठेवलं. "टक् असा आवाज येतो त्याचा. तेवढा पुरे."

बाईंनी एकदा मॅडमकडे बघितलं, मग गुडघ्यावर पुढे सरकून मुलीच्या जवळ बसल्या आणि वर्गात म्हणतात तसं एक गाणं सुरू केलं, हातवाऱ्यांसकट, खणखणीत. मुलगी दचकली. मान गेली, परत आली. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली, आणि टक् झालं.

बाईंनी ते ऐकलं. पण इतक्या वर्षांची सवय. ओळ पुरी करायला तोंड पुढे चालूच राहिलं. मावशींनी मान वर केली, पण त्या काही बोलायच्या आत मागून आईचा आवाज आला.

"बाई, थांबा," आई म्हणाली. "ती नको म्हणतेय."

बाई अर्ध्या शब्दावर थांबल्या. हात हवेत राहिले होते, ते त्यांनी हळूच खाली घेतले. मुलीच्या कपाळावरची आठी गेली. अंगठा अजून बटणावर होता, आणि तो तिथे असेपर्यंत खोलीतल्या चार मोठ्या बायका तोंड मिटून बसून राहिल्या.

मग बाई आईकडे वळल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "सोमवारी आणा तिला. बटण विसरू नका."